गाणे लागले की दार का वाजते?

दिवाळीच्या सुट्टीत मुलगा शाळेतून थेट नागपूरला, आजोळी उतरला होता. त्याला आणायला मी भिलाईहून गाडी घेऊन गेलो. परतीच्या वाटेवर भंडारा मागे पडले, तसे त्याने गाडीत अभंग लावले. टाळ-वीणा ठीक वाजत होती. पण पखवाजाच्या डाव्या अंगावर थाप पडली की त्याच्या बाजूच्या दारातून ‘भर्र’ असा आवाज येई. गाण्याचा आवाज कमी केला की भर्र थांबे, वाढवला की पुन्हा सुरू. साकोलीपर्यंत त्याने कळ काढली. मग म्हणाला, “बाबा, तुमचा स्पीकर फाटलाय. नवीन बसवून टाका.”

स्पीकर फाटलेला नव्हता. तो फाटला की प्रत्येक गाण्यात, हळू आवाजातही चिरका लागतो. इथे ठरावीक थापेलाच आवाज येत होता. मी भिलाईच्या पोलाद कारखान्यात यांत्रिक देखभालीच्या कामावर आहे. तिथे मोठमोठे पंखे आणि ब्लोअर रात्रंदिवस फिरत असतात. आज कंपने मोजायला उपकरणे आहेत, तरी आमचे जुने फिटर अजूनही लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक बेअरिंगच्या हाउसिंगवर टेकवतात आणि मूठ कानामागच्या हाडाला लावून ऐकतात. नव्या पोराने उत्साहाने पाना उचलला की त्यांचे एकच सांगणे असते : आधी ऐक, मग खोल. गाडीच्या बाबतीत मात्र मी हे विसरलो होतो. त्याची हकीकत पुढे येईलच.

सुट्टीतले चार दिवस आम्ही बापलेकांनी या आवाजाच्या मागावर घालवले. ते मराठी पानासाठी लिहून द्या, असा चिरंजीवांचा आग्रह पडला. कॅडेट मित्रांनो, यात तुमच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकातला बराच भाग आहे. आणि पालकहो, गाडी तुमचीही वाजत असणार.

आपल्या भाषेने या कामाची अर्धी सोय आधीच करून ठेवली आहे. नुसते ‘आवाज येतो’ म्हणू नका; कोणता येतो ते नीट म्हणा. ‘खडखड’ म्हणजे दोन कठीण वस्तूंमध्ये थोडी फट आहे आणि त्या एकमेकींवर आपटत आहेत. ‘करकर’ म्हणजे दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबून बसले आहेत आणि घासताना क्षणभर चिकटतात, क्षणभर सटकतात. नव्या चपलेचे होते तसे. ‘भणभण’ म्हणजे एखादा पातळ पत्रा किंवा प्लास्टिकचे पॅनेल स्वतःच थरथरत आहे. तिन्हींची औषधे वेगळी. खडखडीवर भणभणीचे औषध लावले की पैसे जातात आणि आवाज राहतो. माझे गेले.

आता मूळ प्रश्न : गाणे लागल्यावरच दार का वाजते? स्पीकरचा पडदा हवेला पुढे ढकलतो तेव्हा स्पीकरची चौकट तितक्याच जोराने मागे ढकलली जाते. हा न्यूटनचा तिसरा नियम. ती चौकट दाराला स्क्रूने बसवलेली असते, म्हणजे तो धक्का दाराला बसतो. शिवाय दाराच्या पोकळीतली हवाही आत दाबली जाते. सूर जितका खालचा, तितकी पडद्याची धाव मोठी. १०० हर्ट्झचा सूर जितका मोठा ऐकू येतो तितकाच मोठा ५० हर्ट्झचा काढायचा, तर त्याच पडद्याला चौपट अंतर मागेपुढे जावे लागते. म्हणून टाळेला दार गप्प बसते आणि पखवाजाला बोलते.

दार म्हणजे काही एकसंध वस्तू नव्हे. बाहेरचा पत्रा, आतला भोके पाडलेला पत्रा, दोन्हींची जाडी एक मिलिमीटरच्या आतबाहेर. (हा पातळ पत्रा आमच्या भिलाईचा नसतो. आमचे नाव रुळांसाठी आणि जाड प्लेटांसाठी.) या पत्र्यांच्या पोकळीत काच, ती वरखाली करणारे यंत्र, कुलपाच्या सळ्या आणि वायरी असतात. त्यावर पाणी अडवणारा प्लास्टिकचा पडदा आणि सगळ्यात वर, आपल्याला दिसते ते प्लास्टिकचे पॅनेल. मेकॅनिक त्याला डोअर पॅड म्हणतात. ते आठ-दहा क्लिपा आणि दोन-तीन स्क्रूंवर टांगलेले असते. एवढे सगळे सांधे. आणि जिथे सांधा तिथे आवाज. आगगाडीची जुनी खटखट आठवा. १३ मीटरचे रूळ पट्ट्या ठोकून जोडलेले असत आणि प्रत्येक सांध्यावर चाक वाजे. आता भिलाईतून १३० मीटरचा सलग रूळ निघतो, आणि असे दोन जोडून २६० मीटरची लांबी रवाना होते. सांधे कमी झाले, खटखट कमी झाली.

या प्रत्येक भागाला स्वतःची एक कंपनसंख्या असते. झोपाळा त्याच्या लयीत ढकलला तर थोड्या जोराने उंच जातो, भलत्याच वेळी ढकलला तर जात नाही. पॅनेलचेही तसेच. गाण्यातला सूर त्याच्या लयीशी जुळला की ते दणकून थरथरते. यालाच अनुनाद म्हणतात. पुलावर पलटणीने कदम मिळवून चालू नये, हा नियम तुम्ही ऐकला असेल. त्यामागची घटना इंग्लंडमधली. १२ एप्रिल १८३१ रोजी मँचेस्टरजवळच्या ब्रॉटन इथल्या झुलत्या पुलावरून ७४ जणांची एक तुकडी चारचारच्या रांगेत चालली होती. पूल पावलांच्या तालावर हलू लागला. जवानांना मौज वाटली आणि ते आणखी जोरात ताल धरून चालले. पुलाचे एक टोक कोसळले आणि चाळीसच्या आसपास जवान नदीत पडले. नशिबाने कोणी दगावले नाही. चौकशीत दिसले, की साखळीचा एक बोल्ट तुटला होता आणि तो मुळातच नीट घडवलेला नव्हता. पुढे ब्रिटिश सैन्यात पुलावर कदम मोडून चालण्याचा हुकूम निघाला. गोष्ट बहुतेक वेळा अनुनादासाठी सांगितली जाते. मला त्यातला बोल्ट जास्त महत्त्वाचा वाटतो. ताल पूल हलवतो; तुटते ते आधीच कच्चे असलेले.

नुसते हलणे म्हणजे आवाज नव्हे, हेही लक्षात ठेवा. आमच्या गाडीतला मधला आरसा खर्जाला चांगला थरथरतो. मागची गाडी त्यात पुसट दिसते, पण आवाज काही नाही. आवाज होतो तो हलणारी वस्तू दुसरीला क्षणभर शिवते आणि सुटते तेव्हा. तानपुऱ्यात हेच मुद्दाम करतात. घोडीचा माथा किंचित गोलसर घासलेला असतो, तारेखाली सुताचा धागा सरकवून तार अशी बसवतात की कंप पावताना ती घोडीला हलकेच स्पर्शत राहते, आणि साध्या ‘टंग’मधून ती भरलेली, झणझणीत आस निघते. हीच जवारी. मिरजेचे कारागीर ती साधण्यासाठी घोडी पुन्हा पुन्हा घासत बसतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये या घोडीवर शोधनिबंध लिहिला होता. तारेच्या मूळ सुरात नसलेले वरचे सूर या स्पर्शातून कसे जन्मतात, हे त्यात आहे. तुमच्या दारात पॅनेलची कड पत्र्याला शिवते तेव्हा तीही जवारीच. फक्त ती कोणी मागितलेली नसते. इलाजही धाग्यासारखाच बारीक असतो.

शोधाची सुरुवात गाडी रिकामी करण्यापासून. मला वाटले होते हा भाग मुलाला कंटाळवाणा होईल, पण तो म्हणाला, “नाइट मार्चच्या आधी आम्हाला जागेवर उडी मारायला लावतात. काय वाजतं ते बघायचं, बांधायचं, पुन्हा उडी मारायची.” पाण्याची बाटली, बकल, खिशातली नाणी, रात्रीच्या शांततेत एवढेही लांबवर ऐकू जाते. मग त्याने गाडीचीच उडी-तपासणी केली. डॅशबोर्डच्या कप्प्यातून चष्म्याची डबी, टोलच्या पावत्या, एक शिटी आणि सुट्टे सोळा रुपये निघाले. दारांच्या खणातून रिकाम्या बाटल्या. डिकीतला जॅक आणि चाकाचा पाना आपापल्या खाचेत नव्हते, नुसते पडले होते. ते फडक्यात गुंडाळून बांधले. मागच्या सीटचे पट्टे बकलात अडकवले. एवढ्यानेच निम्मी खडखड गेली. एक पैसाही न लागता जो आवाज जातो तो आधी घालवावा.

त्यानंतर गाणे बंद. गाण्यात सूर झरझर बदलतात, म्हणून वाजणारी जागा हाती लागत नाही. मोबाइलवर एकाच कंपनसंख्येचा सूर काढणारे ॲप फुकट मिळते. फोन गाडीच्या स्टिरिओला जोडून ३० हर्ट्झपासून २०० पर्यंत हळूहळू चढत जायचे. दार वाजू लागले की तिथेच थांबायचे. एक सावधगिरी : असा अखंड सूर मोठ्या आवाजात फार वेळ ठेवू नये. स्पीकरची गुंडाळी तापते, आणि आपले कानही. ८५ डेसिबलला आठ तास हा सर्वसाधारण ठोकताळा आहे, आणि दर ३ डेसिबल वाढीला सुरक्षित वेळ निम्मा होतो. बंद गाडीत ही मर्यादा कधी ओलांडली ते कळत नाही. बोलणे ऐकू येईल इतकाच आवाज ठेवा, दर मिनिटाला थांबा. गाडी मोकळ्यात उभी करा. आणि शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. आम्ही सांगितले नव्हते. दुसऱ्या दिवशी सेक्टरमधल्या तिघांनी येऊन विचारले की पाण्याची मोटार जळाली का.

सूर स्थिर झाला की बोट लावायचे. या कामात याहून चांगले हत्यार मला ठाऊक नाही. एकाने फोन धरायचा. दुसऱ्याने पॅनेलच्या कडेवर, हँडलवर, स्पीकरच्या जाळीवर, काचेच्या रबरावर एकेक जागी बोटाने दाबत जायचे. ज्या जागी दाबल्यावर आवाज बंद होतो तिथे किंवा तिच्या अगदी जवळ रोग आहे. नुसत्या कानावर विसंबू नका. ५० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सात मीटरच्या जवळपास, म्हणजे अख्ख्या गाडीपेक्षा मोठी; तो कुठून येतो ते कानाला कळतच नाही. आणि त्याने जागी केलेली खडखड समोरच्या काचेवरून परतून भलतीकडून आल्यासारखी वाटते. आम्ही पाऊण तास डाव्या दारावर काढला आणि तो आवाज निघाला मागच्या नंबर प्लेटचा. पाण्याच्या रबरी नळीचा हातभर तुकडा कानाला लावून दुसरे टोक फिरवले, तर त्याचा उपयोग होतो.

मुलाने वहीत रकाने आखले : किती हर्ट्झ, कोणती जागा, खडखड-करकर-भणभण यांतले काय, बोटाने थांबते का. चार दिवसांत सात नोंदी झाल्या. डाव्या दाराचे पॅनेल, ७४ हर्ट्झ, भणभण. त्याच दारात आत कुठेतरी कुलपाची सळी, ११२ ला खडखड. मागची नंबर प्लेट, ५८. डिकीवरचा ट्रे, ९० ला करकर. अर्धी उघडी काच, ८१. सहावी तो थरथरणारा आरसा, आवाज शून्य.

सातवी नोंद ६२ हर्ट्झची. डाव्या पुढच्या सीटच्या खालून धातूवर धातू आपटल्याची बारीक खडखड. सीटखाली काही पडले असेल, म्हणून मुलगा टॉर्च घेऊन पालथा झाला. काही नव्हते. त्याने सीटच्या लोखंडी पट्टीवर बोट दाबले, आवाज थांबला. सोडले, पुन्हा सुरू. मग तो म्हणाला, “बाबा, हा बोल्ट हाताने फिरतोय.”

सीट गाडीच्या तळाला चार बोल्टांवर बसते. त्यांतला मागचा एक बोटांनी फिरत होता आणि त्याच्या शेजारचाही पक्का नव्हता. बऱ्याच गाड्यांत पुढच्या सीटच्या पट्ट्याचे बकल सीटच्या सांगाड्यालाच जोडलेले असते. म्हणजे टक्कर झाली तर माणसाला धरून ठेवणारा भार या बोल्टांवर येतो. नागपूरहून पावणेतीनशे किलोमीटर मुलगा त्याच सीटवर बसून आला होता. पट्टा लावून.

कारण शोधायला लांब जावे लागले नाही. दीड वर्षापूर्वी मी एका दुकानातून गाडीच्या तळाला मॅट आणि दारांना ‘आवाज बंद करणारी’ शीट बसवून घेतली होती. मॅटसाठी सीटा काढल्या होत्या. परत बसवताना बोल्ट नुसते टेकवले गेले असणार. पण गाडी ताब्यात घेताना मीही पाना लावून पाहिला नव्हता. कारखान्यात दुसऱ्याने बसवलेला बोल्ट तपासल्याशिवाय सही करत नाही, आणि इथे नुसते चकचकीत मॅट पाहून पैसे दिले. आम्ही त्याच दुपारी अधिकृत वर्कशॉपमध्ये जाऊन चारही सीटांचे... चार नव्हे, पुढच्या दोन सीटांचे आणि मागच्या बाकाचे सगळे बोल्ट टॉर्क रेंचने, कंपनीने दिलेल्या मापाला आवळून घेतले. त्या जागी फटीत फोम कोंबला असता तर खडखड नक्की थांबली असती, आणि बोल्ट आणखी सैल होत राहिला असता. ब्रॉटनचा पूल मला त्या संध्याकाळी आठवला.

म्हणून क्रम असा ठेवा : आधी आवळा, मग वेगळे करा, आणि शेवटी वजन द्या.

आवळणे म्हणजे स्क्रू, क्लिपा आणि बोल्ट. डाव्या दाराच्या पॅनेलची एक क्लिप तुटलेली होती, दुसरी जागेवर नव्हतीच. नव्या क्लिपा किरकोळ किमतीला मिळतात. जुनी सोबत नेऊन तशीच घ्यावी. पॅनेल उघडताना स्क्रू-ड्रायव्हर घालू नका, प्लास्टिकची चपटी पट्टी वापरा. आणि आधी लपलेले स्क्रू शोधा. हँडलच्या वाटीत टोपणाखाली एक असतोच. जोर लावावा लागतोय म्हणजे एखादा स्क्रू राहिलाय असे समजा. पॅनेल सुटले तरी वायरी जोडलेल्या असतात, ते लटकत सोडू नका.

वेगळे करणे म्हणजे आपटणाऱ्या दोन वस्तूंत मऊ थर घालणे. पाणबुडीत यंत्रे रबरी पायांवर बसवतात ती याच न्यायाने. कंप सांगाड्यात जाऊ नये आणि पाण्यातून शत्रूला ऐकू जाऊ नये म्हणून. गाडीला नमद्याची, म्हणजे फेल्टची, चिकट पट्टी पुरते. कुलपाच्या सळीवर जिथे ती पत्र्याला शिवत होती तिथे एक वेढा दिला. ११२ हर्ट्झ कायमचे गप्प. वायरींच्या जुड्याला कापडी टेप. नंबर प्लेटच्या मागे, कडेने आत सरकवून, बंद छिद्रांच्या फोमचे दोन तुकडे. सुरक्षा प्लेटच्या लॉकला मात्र हात लावला नाही, लावूही नये. ट्रेच्या करकरीला घासणाऱ्या कडेवर नमदा लावून भागले. करकर दिसली की तेल सोडायचा मोह होतो. तेलाला धूळ चिकटते, काही प्लास्टिके तेलाने कमजोरही होतात, आणि महिन्याने करकर परत येते. पट्टी जाड झाली तर क्लिप नीट बसत नाही आणि नवीच खडखड सुरू होते. पातळीपासून सुरुवात करावी.

इथे भिलाईच्या उन्हाचा हिशेब सांगितला पाहिजे. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो आणि उन्हात बंद उभ्या गाडीच्या आत ६० च्या वर जातो. थंडीतल्या पहाटे तीच गाडी १०-१२ अंशांवर असते. ५० अंशांच्या या फरकात ७० सेंटिमीटर लांबीचा पोलादी पत्रा ०.४ मिलिमीटरच्या आसपास वाढतो. तेवढ्याच लांबीचे प्लास्टिकचे पॅनेल मात्र दोन-तीन मिलिमीटर. क्लिपांची भोके म्हणूनच लांबट असतात. म्हणजे पॅनेलला सरकायला जागा लागते. ते गोंदाने घट्ट चिकटवून टाकले तर उन्हाळ्यात बाक येतो किंवा क्लिप तुटते. उन्हाळ्यात गप्प असलेली गाडी थंडीत का वाजते, याचेही उत्तर यातच आहे.

राहिले वजन देणे. भणभणणाऱ्या पत्र्याला हा इलाज. पखवाजाच्या डाव्या अंगाला वादक कणीक लावतो ते पाहिले आहे ना? कणीक वाढवली की सूर उतरतो, खरवडली की चढतो. कातडे तेच, ताण तोच. वजन बदलले की कंपनसंख्या बदलते. वजन चौपट केले तर कंपनसंख्या निम्मी होते. तबल्याची शाई हाही वजनाचाच खेळ. त्यावरही रामन यांनी १९२० मध्ये लिहिले आहे. दाराच्या बाहेरच्या पत्र्याला आतून जी शीट लावतात ती कणकेसारखे वजन तर देतेच, शिवाय आणखी एक काम करते. तिच्यात ब्युटिल रबराचा थर आणि वर ॲल्युमिनियमची पन्नी असते. पत्रा वाकू लागला की पत्रा आणि पन्नी यांच्यामध्ये रबर ओढले-दाबले जाते आणि कंपाची ऊर्जा उष्णता होऊन विरते. बोटाच्या पेराने पत्र्यावर टिचकी मारून पाहा : आधी ‘टण्ण’, नंतर ‘ठप्’. सगळा पत्रा मढवायची गरज नाही. मधला सर्वांत जास्त थरथरणारा भाग, पाव ते तिसरा हिस्सा, झाकला तरी बहुतेक काम होते. जागा स्पिरिटने पुसून कोरडी करावी आणि शीट रोलरने दाबून बसवावी. खाली हवा राहिली तर ती शीटच वाजते.

माझ्या दारांत निघाली ती शीट ब्युटिलची नव्हतीच. छपराच्या गळतीला लावतात तसली डांबरी पट्टी होती. पहिल्याच मेमध्ये गाडीत रस्ता बनवतानाचा वास येई, तो का, ते आता कळले. पट्टी ओघळून दाराच्या तळाशी साचली होती आणि तळाची भोके बुजली होती. ही भोके तिथे चुकून राहिलेली नसतात. काचेच्या बाजूने पावसाचे पाणी दारात शिरतेच. ते या भोकांतून खाली जाते. ती बुजली की पाणी साचते आणि दार आतून गंजते. पावसाळ्यात वळणावर दारातून ‘खळखळ’ यायची, ती मी चक्क पाण्याच्या बाटलीवर घातली होती. डांबर खरवडायला आम्हाला दीड दिवस लागला. आतला प्लास्टिकचा पडदा काढला तर तोही पुन्हा नीट चिकटवावा; नाहीतर पाणी पॅनेलवाटे पायाशी येते.

आता पालकांना विशेष विनंती, आणि उत्साही कॅडेटांना त्याहून जास्त. समोरच्या काचेच्या दोन बाजूंचे खांब, छताची कड, सीटची बाहेरची बाजू आणि डॅशबोर्डचा डावा भाग इथे एअरबॅग असू शकतात. एअरबॅग ३०-४० मिलीसेकंदांत फुगते. डोळा मिचकायलाही याहून जास्त वेळ लागतो. तिच्या वाटेत फोम, टेप किंवा शीट असली तर ती चुकीच्या दिशेने उघडते किंवा ते तुकडे तोंडावर फेकते. पिवळ्या रंगाचा कनेक्टर दिसला की हात मागे घ्या. ते वायरिंग एअरबॅगचे असते. काही गाड्यांत दाराच्या पोकळीतल्या हवेचा दाब ओळखणारा सेन्सरही असतो. तिथे आतल्या पत्र्याची मोठी भोके आपल्या मनाने बंद करू नयेत. या जागांतून आवाज येत असेल तर नोंदवही घेऊन वर्कशॉपमध्ये जा. “६२ हर्ट्झला, सीटच्या मागच्या डाव्या बोल्टापाशी, दाबले की थांबते” असे सांगितले की तिथला माणूसही लक्ष देऊन ऐकतो. “कुठूनतरी आवाज येतो” म्हटले की तो गाडी धुऊन परत देतो.

अर्धी उघडी काच अजून ८१ हर्ट्झला भणभणते. पूर्ण वर किंवा पूर्ण खाली असली की गप्प. ती तशीच सोडून दिली. एकूण खर्च क्लिपा, नमद्याचा एक रोल आणि ब्युटिलच्या दोन शीटा, एवढाच झाला. दीड वर्षापूर्वी दुकानात याच्या कितीतरी पट दिले होते.

सुट्टी संपवून परत जाताना दुर्गपर्यंत तरी त्याने तोच अभंग दोनदा लावला. नमद्याचा रोल संपलेला नव्हता. त्यातली हातभर पट्टी तो कापून घेऊन गेला. वसतिगृहातल्या त्याच्या पेटीचे झाकण पहाटे उघडताना म्हणे सगळ्या खोलीला जाग आणते.